कापसाच्या वाटेने मुंबई बेटावर : बोरीबंदर ते राजाबाई टॉवर

खानदेशातील व्यापारी कुटुंबांना परदेशी सहलीचे आता पूर्वीसारखे अप्रूप राहिलेले नाही. दिवाळीची खरेदी-विक्री आटोपली, वह्या बदलल्या की जळगाव-धुळ्याची मंडळी युरोपकडे निघतात. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर १५६६ मध्ये वसविलेले व्हॅलेटा हे बंदराचे गाव अनेकांच्या यादीत असते. एक चौरस किलोमीटरही न भरणारे ते गाव आहे. तटबंदी, उतरणीच्या गल्ल्या, जुन्या वखारी आणि दोन्ही अंगांना खोल समुद्र, असे त्याचे रूप. गाडीत बसून ते कळत नाही. तेथे पायीच हिंडावे लागते.

असेच पायी पाहण्यासारखे एक बेट-बंदर खानदेशाला रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर आहे. त्याचे नाव मुंबई. कापडाच्या, किराण्याच्या, सोन्याच्या खरेदीसाठी खानदेशी व्यापारी तेथे शंभरदा गेलेला असतो. पण ते बंदराचे गाव म्हणून पाहिलेले असतेच असे नाही. या गावाच्या भरभराटीत खानदेशच्या काळ्या मातीतील कपाशीचा वाटा आहे, आणि त्याच्या एका मोठ्या पडझडीचा तडाखा थेट जळगावच्या बाजारापर्यंत पोहोचलेला आहे. ही हकिकत वाचण्यासाठी सकाळी बोरीबंदरला उतरावे आणि साधारण सहा किलोमीटर चालावे. तेवढे पुरे.

सात बेटे आणि एक धक्का

आजच्या मुंबईत बेट कोठे आहे, असा प्रश्न कोणालाही पडेल. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे भराव घालून एकत्र झाली. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहानिमित्त १६६१ च्या तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली. राजाने १६६८ मध्ये ती वर्षाला अवघ्या १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. बेटाच्या पूर्वेकडचे खोल व सुरक्षित बंदर हेच तिचे खरे भांडवल होते.

त्या काळी खानदेशाचे बंदर मात्र सुरत होते. तापीच्या खोऱ्यातून बैलांचे तांडे माल घेऊन पश्चिमेला जात. धरणगावच्या कापडाला इतकी मागणी होती की इंग्रजांनी १७ व्या शतकात तेथे वखार घातली होती. पुढे सुरतेचे महत्त्व ओसरले, मुंबईचे वाढले, आणि सुरतेचे व्यापारी, सराफ व दलाल मुंबईला येऊन राहिले. मालाने दिशा बदलली. खानदेशच्या गाड्या घाट उतरून मुंबईकडे वळल्या.

बोरीबंदर

पायी फेरीचा आरंभ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करणे सोयीचे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिलेली ही वास्तू २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. जुने लोक मात्र आजही 'बोरीबंदर' म्हणतात. मालाच्या बोऱ्या उतरण्याचे बंदर म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे पहिली गाडी येथूनच सुटली.

खानदेशाच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना १८६५ च्या आरंभी घडली. कसाऱ्याजवळचा थळ घाट रेल्वेने ओलांडला. तोपर्यंत घाटमाथ्यावरची रुई बैलगाडीने वा लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून येई. वाटेत भिजे, धुळीने माखे आणि भावात मार खाई. लोहमार्ग झाल्यावर जळगाव, भुसावळ, चाळीसगाव ही स्थानके बंदराशी सरळ जोडली गेली. जळगाव हे त्यापूर्वी मोठे गाव नव्हते. त्याला पेठेचे रूप आले ते कापूस आणि रेल्वे यांच्या जोडीने.

मशीद बंदर, मांडवी, दाणाबंदर

स्थानकावरून उत्तरेकडे चालू लागले की दहा-पंधरा मिनिटांत मशीद बंदर येते. येथील 'मशीद' म्हणजे मुसलमानांची मशीद नव्हे. बेने इस्रायली समाजाचे १७९६ मधील प्रार्थनास्थळ येथे आहे आणि लोक त्यालाच मशीद म्हणत, त्यावरून हे नाव आले असे सांगितले जाते. शेजारी मांडवी, म्हणजे जकात घेण्याची जागा. त्यापलीकडे दाणाबंदर. ज्याचे नाव त्याचे काम, अशी ही सरळ वस्ती आहे.

घाऊक धान्याचा आणि मसाल्याचा बाजार पुढे वाशीला हलला, तरी या गल्ल्यांतील हातगाड्या थांबलेल्या नाहीत. हमालांच्या पाठीवरची पोती, लाकडी माड्यांवरच्या पेढ्या, जिन्याखालच्या चार फुटांच्या जागेत बसलेला मुनीम आणि हवेत मिसळलेला हळद-मिरी-सुंठीचा वास हे सारे अजून आहे. खानदेशची उडीद-मुगाची डाळ, मिरची आणि शेंगदाणा पिढ्यान्पिढ्या या पेठेत येत आला. अडत्याने माल न पाहता नुसत्या चिठ्ठीवर उचल द्यावी आणि जळगावच्या व्यापाऱ्याने पुढच्या खेपेला हिशेब चुकता करावा, असा व्यवहार येथे चालला. त्याला तारण एकच होते, ते म्हणजे नाव.

समुद्र येथून फर्लांगभर अंतरावर असूनही दिसत नाही. गोद्यांच्या भिंती मध्ये उभ्या आहेत. बंदराचा कारभार पाहण्यासाठी १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला; १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक खुले झाले. त्यापूर्वी गलबते बंदरात नांगर टाकून उभी राहत आणि माल लहान पडावांतून धक्क्यावर ये-जा करी.

पायधुणी

पश्चिमेकडे वळून थोडे चालले की पायधुणी लागते. मुंबईचे बेटपण येथे एका शब्दात शिल्लक आहे. दोन बेटांच्या मधल्या खाडीतून चिखल तुडवत आलेला माणूस येथे पाय धुऊन पुढे गावात शिरे, म्हणून पायधुणी. पश्चिमेची खिंडारे बांध घालून बुजवली, तेव्हा भरतीचे पाणी आत येणे थांबले. आज त्या खाडीच्या जागी वाहनांची दाटी आहे. नाव तेवढे ओले राहिले आहे.

याच चौकात श्री गोडीजी पार्श्वनाथाचे मंदिर आहे. ते मूळचे कोटातले. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात भीषण आग लागली, त्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ती तटाबाहेर वाढू लागली. १८१२ मध्ये गोडीजींची प्रतिष्ठा पायधुणीला झाली. आगीत घरे-दुकाने गमावलेल्या समाजाने नऊ वर्षांत नव्या जागी मंदिर उभे केले, ही गोष्ट त्या काळच्या व्यापाऱ्यांची उभारी सांगते. आत शिरताच बाहेरचा कोलाहल एकदम कमी होतो. दर्शन घेऊन घटकाभर बसावे. पुढची चाल अजून बाकी आहे.

पांजरापोळ आणि काळबादेवी

झवेरी बाजार आणि मुंबादेवीवरून भुलेश्वरकडे जाताना पांजरापोळ येते. १८३२ मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा शहरात दंगा झाला आणि पेठा बंद पडल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने ही संस्था निघाली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर ठरावीक लागा बसवून घेतला. खानदेशच्या जुन्या पेठांत पट्टीवर 'धर्मादा' लिहिला जाई, त्याच रीतीचे हे मुंबईतले रूप.

मोतीशा म्हणजे मोतीचंद अमीचंद (१७८२-१८३६). जहाजांचे मालक, जमशेटजींचे भागीदार, भायखळ्याच्या आदीश्वर मंदिराचे आणि पालीताण्याच्या मोतीशा टुंकेचे निर्माते. त्यांच्या काळात चीनकडे जाणाऱ्या मालात कापसाबरोबर अफूही असे, आणि त्या व्यापारातून मुंबईची अनेक घराणी मोठी झाली, हेही नमूद केले पाहिजे. पूर्वजांचे दान सांगताना त्यांच्या काळचा व्यापार झाकून ठेवण्याचे कारण नाही.

भुलेश्वरहून काळबादेवी रस्त्याला आले की कापड, हुंडी आणि रुई यांचा मुलूख सुरू होतो. येथील मूळजी जेठा मार्केटची पाटी पाहून जळगावकर थबकतो. त्याच्या गावात मूळजी जेठा महाविद्यालय आहे. हा योगायोग नव्हे. मुंबईच्या याच घराण्याने १८७० च्या दशकात जळगावला खानदेश मिल काढली. रुई मुंबईला नेऊन गिरणीत घालण्याऐवजी गिरणीच रुईच्या गावी नेण्याचा तो विचार होता. बंदराने खानदेशाकडून जे घेतले, त्यातले काही असे परतही आले.

वडाच्या झाडाखालचा बाजार

क्रॉफर्ड मार्केट ओलांडून दक्षिणेला कोटात शिरावे. आता कोट उरलेला नाही. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तट पाडला गेला. तरीही रस्त्यांची रेखा बदललेली जाणवते. हॉर्निमन सर्कलची वर्तुळाकार बाग आणि समोर १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाऊन हॉल हे या फेरीतील महत्त्वाचे ठिकाण आहे.

या बागेच्या जागी पूर्वी मोकळे मैदान होते. तेथे कापसाच्या गासड्यांच्या थप्प्या लागत, म्हणून इंग्रज त्याला 'कॉटन ग्रीन' म्हणत. गर्दी असह्य झाल्यावर १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला आणि पुढे १९२० च्या दशकात शिवडीकडे गेला. तेथील रेल्वे स्थानकाचे नाव आजही कॉटन ग्रीन आहे. टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली १८५० च्या दशकात मोजके दलाल जमू लागले. १८६० मध्ये त्यांची संख्या साठच्या आसपास होती. चार-पाच वर्षांत ती अडीचशेच्या घरात गेली. त्यांचे अग्रणी होते प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१, सुरतेच्या ओसवाल जैन कुटुंबातला. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा पहिला देशी दलाल अशी त्यांची ख्याती.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन रुई मिळेनाशी झाली. साऱ्या इंग्लंडची नजर मुंबईकडे वळली. भाव तिप्पट-चौपट झाले. गाद्या-उशा फोडून जुना कापूस विकला गेल्याच्या कथा सांगितल्या जातात. चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जादा आले, असा अंदाज आहे. खानदेशात जळगाव ही कापसाची बडी पेठ झाली ती याच काळात.

एवढा पैसा ठेवायचा कोठे? बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र बुजविणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे भराव कंपनीचा शेअर मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकला जाऊ लागला. बाजारात माल कमी आणि कागद जास्त अशी स्थिती आली. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेला १८६३ च्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. कर्जाच्या पैशाने शेअर घ्यायचा, तोच तारण ठेवून पुन्हा कर्ज काढायचे, त्यातून आणखी शेअर घ्यायचे, अशी साखळी तयार झाली. बँकेच्या कर्जवाटपावर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता, हे पुढे चौकशीत नोंदले गेले.

१ जुलै १८६५

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. बातमी मुंबईला पोहोचताच रुईचा भाव कोसळला. शेअरचे पुष्कळसे वायदे १ जुलैला पुरे व्हायचे होते. त्या दिवशी देणेकरी पैसे देऊ शकले नाहीत, आणि त्यांच्या पैशावर विसंबलेले दुसरेही देऊ शकले नाहीत. एकापाठोपाठ एक पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेचे बहुतेक भांडवल बुडाले. १८६८ पर्यंत जुनी बँक गुंडाळून नवी उभारावी लागली. तीच नवी बँक पुढे १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेच्या रूपात सामावली. आज जळगाव-धुळ्याच्या ज्या शाखांत व्यापारी निर्धास्तपणे खाते ठेवतो, त्यांच्या वंशावळीत हे एक बुडीत खातेही आहे.

जळगावची पेठही हादरली. भाव अचानक पडल्याने तिचे फार नुकसान झाले. मात्र ती सावरली. शेतात कपाशी होती, रेल्वे होती, आणि लिव्हरपूलला रुई हवीच होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर आगबोटींना भूमध्य समुद्रातून जवळचा मार्ग मिळाला. ज्यांच्याकडे माल होता ते कमी भावाने का होईना, व्यवहार चालू ठेवू शकले. ज्यांच्याकडे नुसते कागद होते, त्यांच्याकडे विकण्यासारखे काही उरले नाही.

सर्वांत जड ओझे शेतकऱ्यावर आले. चढ्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज पडत्या भावात फेडणे त्याला जमेना. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यामागे इतर कारणांबरोबर ही मंदीही होती. वडाच्या झाडाखाली चढविलेली बोली अखेर बांधावर येऊन वसूल होते, हे त्या दंग्यांनी दाखविले.

दलालांनीही धडा घेतला. १८७५ मध्ये त्यांनी १ रुपया प्रवेश शुल्क ठेवून आपली रीतसर संघटना बांधली. आजचे मुंबई शेअर बाजार ते हेच. संस्थापकांत प्रेमचंद होते. दलाल स्ट्रीट हॉर्निमन सर्कलपासून पाच मिनिटांच्या चालीवर आहे.

राजाबाई टॉवर

फेरीचा शेवट ओव्हल मैदानाच्या कडेला होतो. विद्यापीठाच्या आवारातील २८० फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा येथून पूर्ण दिसतो. तेजीच्या ऐन भरात, १८६४ मध्ये, प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. अट एवढीच, की मनोऱ्याला मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे. त्या दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम त्यांना घड्याळाच्या टोल्यांवरून पाळता येई, अशी आख्यायिका आहे.

पुढच्याच वर्षी प्रेमचंदांचे वैभव गेले. मनोऱ्याचे काम सुरू झाले ते त्यानंतर, १ मार्च १८६९ रोजी, आणि पूर्ण झाले नोव्हेंबर १८७८ मध्ये. म्हणजे मनोरा उभा राहिला तेव्हा दाता पूर्वीचा धनाढ्य उरलेला नव्हता. पण दिलेला पैसा विद्यापीठाकडे सुरक्षित होता. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःसाठी जे राखले ते बहुतांशी जुलै १८६५ ने नेले. जे दिले ते आजही तासातासाला टोले देत आहे. प्रेमचंदांनी पुन्हा धंद्यात जम बसविला आणि १९०६ मध्ये ते वारले. त्यांच्या आयुष्यातील चूक आणि दान ही दोन्ही या मनोऱ्याखाली एकत्र वाचता येतात, म्हणून हे ठिकाण व्यापाऱ्याने पाहावे.

आजच्या घरांतही हा विषय जुना झालेला नाही. सेबीच्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होता. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला तरुण मुलगा मोबाईलवर कोणता बाजार पाहतो आहे, हे पुष्कळ घरांत वडिलांना ठाऊक नसते. त्याला उपदेश करण्यापेक्षा एकदा या वाटेने चालवत न्यावे. दाणाबंदरची पोती, काळबादेवीच्या पेढ्या, वडाची जागा आणि हा मनोरा त्याने ओळीने पाहिले, तर बोलणे आपोआप निघेल.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पेठा पाहायच्या तर रविवार टाळावा. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात. पावसाळा सोडून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भुलेश्वर-काळबादेवी परिसरात शुद्ध शाकाहारी जेवणाची सोय सहज होते, तेव्हा दुपारचा विसावा तेथेच ठेवावा. वडीलधाऱ्यांना पूर्ण चाल झेपत नसेल, तर भुलेश्वरपर्यंत पायी यावे आणि तेथून कोटात टॅक्सीने जावे. चौविहार करणाऱ्यांनी निघण्याची वेळ अशी धरावी की ओव्हलवर पोहोचल्यावर भोजनासाठी दिवस शिल्लक राहील. वेळ किती उरली, ते पाहायला समोर घड्याळ आहेच.